सतराव्याचा कोट

शाळेच्या बाई फाईल घेऊन आल्या जुफेरच्या दुकानात,
पाटीतलं एक अक्षर विझलेलं होतं त्या आठवड्यात.
फेब्रुवारीत नाटक. बावीस पोरं, बावीस राष्ट्राध्यक्ष.
"मास्टर, कोट जुने दिसले पाहिजेत,
पण कापड नवं घ्या."
मी म्हटलं, होईल.
मनामात चौदा वर्षं दुसरं काय शिवलं?

प्रत्येक चित्रामागे एक कागद, इंग्रजीत.
इंग्रजी मला मापापुरतं येतं:
चेस्ट, स्लीव्ह, शोल्डर.
म्हणून रात्री शेजारची लाँड्री बंद करून लिजो यायचा,
स्टुलावर बसून, मल्याळी वळणाच्या हिंदीत सांगायचा
आणि मी काजं करत ऐकायचो.

पहिल्याचे दात लाकडाचे नव्हते म्हणे.
हस्तिदंत होता त्यात, आणि माणसांचे दात,
काही गुलामांचेसुद्धा.
मी जिभेने माझी पडलेली दाढ चाचपली.
एक जण खुर्चीत एकतीस दिवस टिकला.
त्याच्या कोटाला अस्तर लावू का, मी विचारलं.
लिजो हसला नाही. पुढचा कागद सोळाव्याचा होता.
मुलगा तापाने गेला, त्याच पांढऱ्या घरात,
आणि युद्ध काही थांबलं नाही तेवढ्यासाठी.
उंच टोपीची ती शिवण मी दोनदा उसवली.

मग सतरावा.
"मास्टर, हा तुमच्यातला. टेलर."
मी पाय पायडलवरून काढला.
आईने लहानपणीच करारावर बांधून दिलेला,
एकवीस वर्षांचा होईपर्यंत सुटका नाही.
दुकानात कुणीतरी वाचून दाखवायचं
आणि हा टाके घालत ऐकायचा.
नीट लिहायला बायकोने शिकवलं.
गव्हर्नर झाल्यावरही एक सूट
त्याने स्वतःच्या हाताने शिवला.

त्या रात्री बार्शीला फोन लावला.
कुमुद म्हणाली, "बरं झालं. तुम्ही कधी होताय?"
मग म्हणाली, "आधी तिकिटाचं बघा."

दुसऱ्या रात्री लिजोने कागद उलटला.
सतरावा मालकाकडून पळाला होता.
मालकाने पेपरात छापलं:
पकडून देईल त्याला दहा डॉलर.

आम्ही दोघांनीही तिसऱ्या मशीनकडे पाहिलं.
तफज्जल, कुमिल्लाचा, पिकोचं काम करायचा.
त्याचाही फोटो आला होता पेपरात, पासपोर्टचा,
खाली दोन ओळी: कामावरून पळाला आहे,
कुणी आसरा देऊ नये.
फोटोतला शर्ट मी बेतलेला.
कॉलर डावीकडे दोरा-दोन दोरे कमी.
मला आधी ते दिसलं,
मग तोंड.

"पुढे वाच," मी म्हटलं.
पुढे असं होतं की
पळालेल्या त्या पोराने मोठेपणी माणसं विकत घेतली.
आणि युद्ध संपून साखळ्या सुटल्यावर
त्या माणसांना हक्क द्यायची वेळ आली
तेव्हा हा दारात आडवा उभा राहिला.
त्याला काढायला निघाले, एका मताने वाचला.
लिजोने कागदाची घडी घातली, इस्त्रीवाल्याच्या सवयीने,
कडेला कड लावून.

मी दिवा मालवला नाही. दोरा ओवत बसलो.
सुईचं नेढं एवढंसं.
त्यातून पार गेलेला माणूस
मागच्याचा दोरा का कापतो,
याचं माप माझ्या टेपवर नाही.

सतरावा होणारं पोर लेबनॉनचं, नाव जाद.
ट्रायलला आलं तेव्हा आरशात बघून मला विचारलं,
"मास्टर, हा चांगला होता की वाईट?"
मी म्हटलं, हात वर कर.
काखेत जरा घट्ट होतं, सोडून दिलं.

बावीस कोट गेले, पैसे अर्धेच आले.
बाईंनी एकेक तपासून घेतला,
बटणं ओढून पाहिली.
सतराव्याची कॉलर डावीकडे दोरा-दोन दोरे कमी आहे,
ते त्यांच्या लक्षात आलं नाही.